टोपरं घातलेलं मशीन

आमच्या शेजारचे ताराचंदभाऊ जिथे जातील तिथे त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशातून एक टोपरं डोकावत असतं. तान्ह्या बाळाचं असावं तसं, पिवळ्या लोकरीचं, खाली बांधायला दोन बंदही आहेत. अनोळखी माणूस आधी टोपऱ्याकडे बघतो, मग भाऊंच्या पांढऱ्या मिशांकडे, आणि विचारावं की नाही या विचारात पडतो. आत बाळ नसतं. आवाज भरायचं मशीन असतं. दाढीच्या मशीनएवढंच, काळं, डोक्यावर बारीक जाळी. त्यांच्या लेकीनं, शुभांगीनं, नागपूरहून आणून दिलेलं. उघड्यावर नेलं की त्यात वाऱ्याचा नुसता फडफडाट भरायचा, म्हणून भाऊंच्या घरच्यांनी, रुखमिणीबाईंनी, नातवासाठी आणलेल्या लोकरीतून जी उरली होती तिचं हे टोपरं विणून दिलं. विणून दिलं, पण बोलायचं काही ठेवलं नाही. “माह्यासाठी कधी मफलर नाई आला घरात,” त्या म्हणाल्या, “अन मशीनले हिव लागते म्हने.”

मी दुपारी भांडीकुंडी आवरली की वहीत दोन ओळी लिहिते. आज काय स्वयंपाक, कोण आलं, कोणता उपवास. या कार्तिकात मात्र माझ्या वहीत भाऊ आणि त्यांचं मशीन यांनीच ठाण मांडलं, तेव्हा म्हटलं, एकदाचं सगळं नीट सलग लिहून काढावं.

आमचं गाव मोहाडीच्या पलीकडे, बोडीच्या काठाला. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, धानाला पाणी तिचंच. रस्त्याला लागून राईस मिल आहे, तिथे भाऊंनी पोरवयापासून हलर, म्हणजे धान सडायचं यंत्र, चालवला. हलर सुरू झाला की दोन माणसं हातवारे करून बोलतात, इतका त्याचा आवाज. त्या आवाजात भाऊ दिवसभर गायचे. “मी काय गातो ते मालकाले आयकू येत नाई अन धान आननाऱ्यालेही नाई,” ते सांगतात. “चुकलं तरी हलर सांभाळून घेते.” मृदंगही ते तिथेच शिकले, भरल्या पोत्यावर थापा मारून. मग विठ्ठलाच्या देवळातले जुने मृदंगवाले थकले तेव्हा मृदंग भाऊंच्या मांडीवर आला, तो अजून तिथेच आहे. काकड्याच्या दिवसांत मृदंगाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक माझ्या घरून जाते. पहाटे अंघोळ झाली की पहिलं काम तेच, कणकेचा गोळा भिजवून ओल्या फडक्यात बांधणे. देवाची सेवा कोणत्या वाटेनं घडेल सांगता येत नाही, माझी कणकेच्या वाटेनं घडते.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मशीन आलं आणि भाऊंना काय भरू आणि काय नको असं झालं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, आणि तिथे दंडार असते, म्हणजे नाच, गाणं, सोंग सगळं एकत्र. भाऊ मोटरसायकल काढून या मंडईतून त्या मंडईत. दंडारीच्या अगदी पुढ्यात बसायचं, मशीन उजव्या हातात उंच धरायचं, डाव्या हातानं कानातली वायर दाबायची. घरी आलं की ओट्यावर बसून लाखोळीची डाळ निवडत तेच पुन्हा ऐकायचं. पुढे पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत बांधावर जाऊन उभे राहिले, बायांची गाणी भरायला. चिखलात वाकलेल्या बायांनी त्यांना सोडलं नाही. “भाऊ, फुकटात नाई म्हनत आमी,” एक म्हणाली. “एक ओळ लावा, मंग गाना आयका.” भाऊंनी पायजमा गुडघ्यावर घेतला, मशीन बांधावरच्या झाडाला टांगलं आणि धानाची एक ओळ लावली. ती इतकी वाकडी गेली की त्या मशीनमध्ये आजही गाण्याच्या आधी बराच वेळ नुसतं हसणंच आहे.

माझा हरिपाठसुद्धा त्यांनी भरला. मला ऐकवला तेव्हा मी म्हटलं, हा माझा आवाज नाही, ही कोणी पडसं झालेली बाई आहे.

“वैनी,” भाऊ म्हणाले, “आमाले कुंपनावरून रोज हेच बाई आयकू येते.”

त्या वेळी मला वाटलं, गंमत केली. पुढे कळलं की कुंपणावरून त्यांना मी फारशी ऐकूच येत नव्हते.

ते असं झालं. गणपती बसायच्या आसपास मी कुंपणाशी जाऊन हाक मारली, भाऊ, वाटीभर साखर आहे का घरात. पाठ माझ्याकडे करून ते दोडक्याच्या वेलाला काठी लावत होते. पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. माझ्या मनात आलं, माणूस साखरेपायी बहिरा झाला की काय. तेवढ्यात रुखमिणीबाई मागच्या दारानं आल्या, मला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि साखरेच्या डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, “राग नोका मानू वो बाई. त्याइले आयकू नाई येत. हलरनं कान खाल्ले.”

पुढ्यात बसून मोठ्यानं बोललं तर समजतं. मृदंगाची थाप तर हाताला आणि मांडीला लागते. पण बारीक आवाज, टाळ, घुंगरू, म्हणणाऱ्याचे शब्द, हे सगळं धुक्यात गेलेलं. आणि हे त्यांचं त्यांनाही नीट कळलं नव्हतं. मशीन आणल्यावर पहिल्याच मंडईत त्यांनी वायर कानात घातली, आवाज वाढवला, आणि तिथेच बसल्या जागी त्यांचे डोळे भरून आले. घरी येऊन रुखमिणीबाईंना म्हणाले, “दंडारीत घुंगरं असतात हे मी विसरूनच गेलो होतो.”

तेव्हापासून ते मशीन म्हणजे त्यांचा कान झालं. गाणं भरायचं असो नसो, भजनात बसले की मशीन पुढ्यात, वायर कानात. लोक समजायचे, नाद आहे माणसाला, सगळं भरून ठेवतो. भाऊ तसंच समजू द्यायचे.

“कोनाले सांगू नोका,” रुखमिणीबाईंनी माझ्या पदरात साखरेबरोबर शपथही घातली. “बहिऱ्याच्या हाती मृदंग कोन ठेवते? अन तो मृदंग गेला तं हे मानूस घरात बसून मले खाईन.”

मी कोणाला सांगितलं नाही. आमच्या घरच्यांनासुद्धा नाही, आणि ते तर भजनी मंडळात चिपळ्या वाजवतात.

आमच्या मंडळाचे म्होरके परसरामबुवा. मी याच गावची लेक, गावातच दिलेली, म्हणून मला ते परसरामकाका. आवाज अजून खणखणीत, भूपाळी धरली की बोडीच्या पलीकडच्या वस्तीतले लोक उठून बसतात. गुडघे गेले आहेत, म्हणून दोन वर्षांपासून देवापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. माणूस मनाचा चांगला, पण शिस्तीचा मोठा. मागच्या काकड्यात ऐन आरतीत कोणाचा तरी मोबाईल वाजला, आणि त्यात लग्नाच्या वरातीचं गाणं होतं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. काका ते विसरले नाहीत. औंदा कोजागिरीच्या आदल्या दिवशी मंडळाची बैठक झाली, तिथे त्यांनी सांगून टाकलं.

“काकड्यात मोबाईल नाई, मशीन नाई, कानात बोळे नाई. देवापुढं याचं तं कान मोकळे घेऊन या. पटते का सगळ्याइले?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊंनीही डोलावली. बैठकीत वायर कानात नव्हती, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. सगळे डोलावतात म्हणून त्यांनीही डोलावली. रुखमिणीबाई मागे बायांत बसलेल्या होत्या. घरी गेल्यावर त्यांनी भाऊंना पुढ्यात बसवून, ओरडून, कशाला मान हलवली ते सांगितलं. ते कुंपणापलीकडे मलाही ऐकू आलं, आणि माझ्या मते निम्म्या वार्डाला.

मी गेले तेव्हा भाऊ ओट्यावर बसून मशीनचं टोपरं काढत होते आणि घालत होते.

“काकांना खरं सांगा की,” मी म्हटलं. “ते काही वाईट बोलणार नाहीत.”

“तेच तं भेव हाय, वैनी,” ते म्हणाले. “बुवा चांगलंच बोलन. म्हनन, ताराचंद, लय सेवा केली गा, आता आराम कर. तेच मले नाई आयकाचं.”

त्यांना भूपेंद्रचीही काळजी होती. भूपेंद्र म्हणजे काकांचा भाचा, मोहाडीला तहसील ऑफिसात नोकरीला. नागपूरला क्लास लावून मृदंग शिकला आहे. पोरगा गुणाचा, येतो, टाळ घेऊन भाऊंच्या शेजारी बसतो, एक शब्द बोलत नाही. पण त्याचे डोळे मृदंगावर असतात. आणि बोलत नाही म्हणूनच भाऊंना त्याचा धाक.

काकडा सुरू झाला. पहिल्या पहाटे भाऊ मफलर बांधून आले. कोजागिरीनंतरची थंडी, कोणाला काय शंका येणार. मफलरीखाली कानात वायर, स्वेटरच्या आत खिशात मशीन. पण खिशातल्या मशीनला काय ऐकू येणार? स्वेटरची खसखस आणि मृदंगाचा धडधडाट. काकांचा शब्द एक नाही. भूपाळी कशीबशी निभली. गवळणीला काकांनी चाल उचलली आणि भाऊ मागेच राहिले. काकांनी खुर्चीवरून वळून पाहिलं. भूपेंद्रनं टाळ जरा मोठा केला. भाऊंनी टाळाकडे डोळे लावून ताल धरला, पण कपाळावर घाम, त्या थंडीत.

घरी येताना भाऊंनी मशीन खिशातून काढून हातात घेतलं. रुखमिणीबाई बोलल्या. “खिशात ठेवून का होते? मशीन बुवापाशी पायजे. तेच्या तोंडापाशी.”

“बुवाच्या मिशीत ठेवू का?” भाऊ म्हणाले.

बुवांच्या उजव्या हाताला, देवाच्या अगदी पायरीशी, माझी फुलांची परडी असते. ती मी रोज घरून भरून नेते, झेंडू, शेवंती, तुळशी. हे माझ्या डोक्यात आलं आणि मी लगेच जीभ चावली. पण डोक्यात आलेलं बाहेर काढता येत नाही, शेवटी ते दोघांना सांगून टाकलं. भाऊ मोहाडीच्या बाजारात गेले आणि लांब वायर घेऊन आले. दुकानदारानं विचारलं कशाला, तर म्हणाले, टीव्हीसाठी. आमच्यात ठरलं असं, की मी पहाटे सगळ्यांच्या आधी देवळात जायचं, परडीत शेवंतीच्या आड टोपरं घातलेलं मशीन ठेवायचं, वायर सतरंजीखालून मृदंगाच्या जागेपर्यंत न्यायची. आरती झाली की देवाला वाहायची फुलं वेगळ्या ताटातून वाटायची, परडीला कोणी हात लावायचा नाही. ताटही माझंच, परडीही माझीच, त्यामुळे कोणी विचारायचा प्रश्न नव्हता.

त्या पहाटे मी फुलं रचताना विठ्ठलाला सांगितलं, देवा, तुझ्या फुलांत मशीन ठेवते आहे. माणूस तुझंच ऐकायला धडपडतो आहे, तेव्हा खपवून घे. देव काही बोलला नाही. तो मी होकार धरला.

आणि काय सांगू, मृदंग असा बोलू लागला. काकांनी श्वास घ्यायला थांबावं, तर मृदंग तेवढाच थांबावा. गवळणीत शब्द हळू यावा, तर थापही हळू. टाळकरी डोलू लागले. चार-सहा दिवसांनी काका आरतीनंतर म्हणाले, “ताराचंद, औंदा हात लय साफ हाय गा.” भाऊंनी वायर अजून काढली नव्हती, म्हणून ते त्यांना ऐकू आलं. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे वांगी पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वांगी. आमच्या घरच्यांनी विचारलं, “ताराचंदकडं एवढे वांगे झाले का?” मी म्हटलं, देवाची कृपा आहे, मुकाट्यानं खा.

मग आली कार्तिकी एकादशी. त्या पहाटे देऊळ गच्च. शहापूरकडे दिलेल्या लेकी आलेल्या, त्यांची पोरं, पाहुणे. आरती झाली, मी ताटातून फुलं वाटायला निघाले. एवढ्या माणसांना पुरावीत इतकी फुलं मी आणली होती, पण लेकरांनी मूठमूठ उचलली आणि काकांपर्यंत येता येता ताट रिकामं. मी म्हटलं, काका, थांबा, देते. ते कशाला थांबतात. एकादशीची पुष्पांजली, आणि हाताशी भरली परडी. त्यांनी डोळे मिटले, हात परडीत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. मुठीत शेवंतीची दोन फुलं आणि टोपरं.

मऊ, लोकरीचं, गरम झालेलं. डोळे मिटलेल्या माणसाला काय वाटणार. “उंदीर,” काका म्हणाले आणि हात झटकला. मशीन वायरीला लटकलं, वायर सतरंजीखालून सरसर निघाली, आणि पलीकडे भाऊंच्या मफलरीतून दोन्ही बोळे टपकन बाहेर पडले. सगळं देऊळ वायरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघायला लागलं.

काकांनी ओळखलं. टोपरं कोण ओळखणार नाही.

“ताराचंद,” ते म्हणाले, “देवाच्या फुलात?”

भाऊंना शब्द ऐकू आला नाही, तोंड दिसलं. त्यांनी मृदंग मांडीवरून उचलला आणि पुढे ठेवला. मग म्हणाले, जरा मोठ्यानंच, कारण स्वतःचाही आवाज त्यांना कळत नव्हता, “बुवा, मले आयकू येत नाई. हे लावलं तरच येते. सांगाचं होतं, नाई सांगतलं.”

काका खुर्चीत बसले. मला पुढे होऊन म्हणायचं होतं की फुलं माझी, परडी माझी, बोलायचं ते मला बोला. पण माझ्या आधी रुखमिणीबाईंचा आवाज आला.

इथे एक सांगायला हवं. गावनात्यानं परसरामबुवा रुखमिणीबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे जुन्या वळणाच्या सुना भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून या दोघांत एक शब्द झालेला नव्हता. रुखमिणीबाईंनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला, तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाल्या, “बाई, बुवाले विचारा, देवापुढं खुर्ची चालते का?”

काका हाताच्या अंतरावर बसलेले. तरी मी वळून म्हटलं, “काका, त्या विचारतात, देवापुढं खुर्ची चालते का?”

काका माझ्याकडे बघून म्हणाले, “त्याइले सांग, गुडघे नाई वाकत, म्हनून बसतो.”

“गुडघे नाही वाकत म्हणून बसतात,” मी रुखमिणीबाईंना सांगितलं.

“मंग विचारा, चश्मा चालते का?”

“दिसत नाई तं घालाच लागते,” काका मला म्हणाले.

“अन कवळी चालते का?”

हे विचारायला माझी जीभ रेटेना. काकांना कवळी आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण त्यांच्यापुढे कोणी काढत नाही. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कोणीतरी फिस्स करून हसलं, आणि काकांनी स्वतःच ओठ मिटून घेतले.

“गुडघ्याले खुर्ची चालते, डोळ्याले काच चालते, तोंडात दात चालतात,” रुखमिणीबाई मला सांगत होत्या आणि सगळं देऊळ ऐकत होतं, “तं कानाले वायर काहून नाई चालत, एवढं विचारून द्या वो बाई. मी काई भासऱ्याशी बोलत नाई. मी तुमच्याशी बोलून राहिली.”

भाऊ बिचारे दोन्ही हात रिकाम्या मांडीवर ठेवून बसले होते. एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा काकांच्या, एकदा पदराकडे. त्यांच्यासाठी चाललेलं सगळं, आणि त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. हात मात्र हळूच मृदंगाच्या बाजूला सरकत होता आणि परत येत होता.

“मामा,” भूपेंद्र म्हणाला. पोरगं प्रथमच बोललं. “मले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“वायर. दुसऱ्या दिवशी माह्या पायाखाली आली. मीच रोज सतरंजीखाली दाबून ठेवतो, कोनाचा पाय नोको अडकाले म्हनून.”

“अन तू बोलला नाई?”

“ताराचंद काकाजीचा हात साफ चालून राहिला होता. कायले बोलू?”

काकांनी आधी भाच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “अन तू?” मी मान खाली घातली. “म्हंजे देवाले माहीत, भूपेंद्रले माहीत, बायाइले माहीत. एकटा मीच मोकळ्या कानाचा.”

त्यांना हसू यायला लागलं होतं, ते मिशीत अडलं. त्यांनी वायरीला धरून मशीन वर ओढून घेतलं, टोपऱ्यावर चिकटलेली शेवंतीची पाकळी काढली आणि भूपेंद्रला खूण केली. भूपेंद्रनं बोळे भाऊंच्या कानात घातले. काकांनी मशीन तोंडाशी धरलं आणि भूपाळी म्हणतात त्या आवाजात विचारलं, “आयकू येते का गा?”

भाऊ जागेवरून उडाले. “हाव, बुवा. ओरडू नोका. कान राहू द्या थोडे.”

तेव्हा मात्र सगळं देऊळ हसलं.

काका म्हणाले, “देवाची फुलं देवाले. फुलात लपवाचं नाई. मशीन माह्यापुढं पाटावर राहीन, सगळ्याइले दिसन असं. अन काकडा संपला का भंडाऱ्याले जाऊन डॉक्टरले कान दाखवाचे. नाई गेला तं मी सोता नेईन. अन आरतीचा मृदंग आतापासून भूपेंद्र वाजवन. त्यालेही शिकू दे.”

“आरती देतो,” भाऊ म्हणाले. “गवळन नाई देत.”

“गवळन कोन मागते तुले?”

भाऊंनी मृदंग परत मांडीवर घेतला. रुखमिणीबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “बुवाले सांगा, भंडाऱ्याले मीही जाईन संग. डॉक्टर का म्हनते ते याइले मीच सांगन.” ते मी सांगितलं नाही. काकांना ऐकू गेलं होतं.

काकड्याची समाप्ती पौर्णिमेला. त्या दिवशी पालखी निघते, साऱ्या गावातून फिरून येते. आता पाटावरचं मशीन पालखीत कसं न्यायचं हा प्रश्न. काका पुढे चालत म्हणणार, भाऊ गळ्यात मृदंग अडकवून मागे. शेवटी काकांनीच मशीन गळ्यात घातलं. रुखमिणीबाईंनी टोपऱ्याचे बंद एका जाड दोऱ्याला गाठवून दिले, आणि मधली वायर भाऊंच्या कानापर्यंत. काका गुडघ्यांमुळे एका हातानं काठी टेकत, दुसऱ्या हातानं भूपेंद्रचा खांदा धरून चालत होते. वायर लांब होती, पण गल्ल्या अरुंद. काका एका दारी ओवाळून घ्यायला डावीकडे वळले की मागून मृदंगही वळलाच पाहिजे. एका घरी काका वळले आणि भाऊ गाण्याच्या तंद्रीत सरळ निघाले, तेव्हा दोघंही वायरीनं एकमेकांकडे ओढले गेले. दारात ताट घेऊन उभी असलेली म्हातारी म्हणाली, “जोडी चांगली जुपली गा, नांगराले लावा.”

मी आरतीचं ताट घेऊन काकांच्या बाजूनं चालत होते. फटाके, झांजा, पोरांचा गलका. बोडीच्या पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, चढायचं आलं. चढ फार नाही, पण काकांना लागतो. त्यांचा आवाज उतरायला लागला, मृदंग मात्र भरात. मागचे टाळकरी मृदंगाबरोबर वेग धरून. थांबा म्हणावं तर एवढ्या लोकांत म्होरक्यानं कसं म्हणावं? मी पाहिलं, काकांनी मान खाली घातली, हनुवटी टोपऱ्याला टेकवली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले. मी अगदी बाजूला होते म्हणून मला कळलं.

“ताराचंद, जरा हळू घे गा. दम लागला.”

पुढच्याच समेला मृदंग उतरला. एकदम नाही, हळूहळू, जणू गाण्यालाच तसं हवं होतं. टाळही उतरले, पावलंही उतरली, सगळी पालखी सावकाश पाळीवर चढली. कोणाच्या लक्षात आलं नाही. वर बोडीचं पाणी सकाळच्या उन्हात चमकत होतं. काकांनी उभं राहून पोटभर श्वास घेतला आणि गवळण उचलली, अशी खणखणीत की पलीकडच्या पाळीवरचे बगळे उडाले. मी मागे वळून पाहिलं तर भाऊ डोळे मिटून वाजवत होते.